पुरा गावचा दिवा

आमच्या लहानपणी सहेरीच्या वेळी पहिली जाग यायची ती अम्मीच्या खोकल्याने. पावसाळ्यात लाकडे ओली असत. ती फुंकणीने फुंकत राही आणि धूर माजघरातून ओसरीपर्यंत येई. आम्ही डोळे चोळत अंगणात पळायचो, ती मात्र चुलीपुढून हलत नसे. त्या धुराबद्दल घरात कधी कुणी काही बोलल्याचे आठवत नाही. चूल म्हटली की धूर आलाच, असे सगळे धरून चालत. चूल हा अभियांत्रिकीचा विषय होऊ शकतो, तिच्यावर शोधनिबंध लिहिला जातो आणि तो दूरदेशीचे लोक वाचतात, हे मला फार उशिरा कळले. त्या उशिरा कळलेल्या गोष्टीचा इतिहास इथे मांडायचा आहे.

अभियंता म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर धरण, पूल, कारखाना येतो. आपल्या मोहल्ल्यातला मुलगा अभियंता झाला की आखातातल्या नोकरीचा विषय निघतो. त्यात गैर काही नाही. पण अभियांत्रिकीची आणखी एक परंपरा या देशात आहे. ती चूल, शेण, माती आणि पाणी यांच्याशी संबंधित आहे. आज तिला 'शाश्वत अभियांत्रिकी' असे भारदस्त नाव मिळाले आहे. 1987 साली ब्रुंटलंड आयोगाचा अहवाल आला आणि 'शाश्वत विकास' हा शब्द जगभर गेला. आजची गरज भागवताना पुढच्या पिढ्यांच्या गरजेवर घाला घालू नये, एवढाच त्याचा साधा अर्थ. परंतु शब्द यायच्या आधी काम सुरू झाले होते आणि त्या कामाचा एक महत्त्वाचा पत्ता महाराष्ट्रातला आहे.

1934 साली वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. त्याची धुरा जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे होती. तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेला, लंडनमध्ये हिशेबतपासणी आणि अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला हा माणूस वर्ध्यात येऊन तेलघाणी, हातकागद, मधमाशा आणि बिनधुराची चूल यांत रमला. मगनवाडीतली ती चूल पुढे 'मगनचूल' म्हणून ओळखली गेली. कुमारप्पांनी 1945 साली तुरुंगात 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' हे पुस्तक लिहिले. निसर्गातल्या काही साठ्यांतून आपण फक्त काढत जातो, तर काही गोष्टी चक्राने परत येत राहतात. माणसाने आपला संसार दुसऱ्या प्रकारावर उभा करावा, असा त्यांच्या विचाराचा गाभा होता. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, त्यांनी संघाबरोबर 'ग्राम उद्योग पत्रिका' नावाचे मासिकही चालवले. प्रयोग करायचा आणि तो लिहून इतरांपर्यंत पोहोचवायचा, ही दोन्ही कामे एकाच माणसाने अंगावर घेतली होती. लिहिल्याशिवाय एका खेड्यातला शहाणपणा दुसऱ्या खेड्यात जात नाही, हे त्यांना माहीत असावे.

लिहिले गेले, पण पुढे नेले गेले नाही, तर काय होते याचे उदाहरण मुंबईतच आहे. 1897 साली माटुंग्याच्या कुष्ठरुग्णांच्या आश्रमात मैला बंद टाकीत कुजवून त्यातून निघणारा वायू दिव्यासाठी वापरला गेला. समाजाने ज्यांना वेशीबाहेर ठेवले त्यांच्या मैल्यातून उजेड निघाला! परंतु शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत ही कल्पना यायला चार दशके गेली. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत शेणाच्या वायूवर प्रयोग झाले ते 1939च्या सुमारास. त्यानंतर जशभाई पटेल यांनी तरंगत्या लोखंडी पिंपाचे संयंत्र तयार केले आणि 1960च्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या खादी व ग्रामोद्योग आयोगाने ते देशभर नेले. तोच आपला ओळखीचा 'गोबर गॅस'.

त्याचे तंत्र सोपे आहे. शेण आणि पाणी समभाग कालवून ती राबडी विटांच्या खड्ड्यात सोडायची. आत हवा जाऊ द्यायची नाही. हवेशिवाय जगणारे जिवाणू शेण कुजवतात आणि त्यातून मुख्यतः मिथेन वायू निघतो. वायू साठेल तसे वरचे पिंप उचलले जाते, वापराल तसे खाली बसते. दुसऱ्या बाजूने जी राबडी बाहेर पडते ती उत्तम खत असते, कारण शेणातला नत्र तिच्यात शिल्लक राहतो. आपल्या आयाबाया भिंतीवर गोवऱ्या थापतात. गोवरी चुलीत घातली की उष्णता मिळते, पण खत जळून जाते. गोबर गॅसमध्ये एकाच शेणातून सरपणही मिळते आणि खतही. म्हणूनच या विषयाकडे पुढे एका मोठ्या शास्त्रज्ञाचे लक्ष गेले.

अमूल्य कुमार एन. रेड्डी हे त्यांचे नाव. जन्म 1930 सालचा. मूळचे ते विद्युतरसायनाचे माणूस. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातून त्यांनी डॉक्टरेट घेतली. जॉन बोक्रिस यांच्याबरोबर लिहिलेला त्यांचा 'मॉडर्न इलेक्ट्रोकेमिस्ट्री' हा ग्रंथ 1970 साली निघाला आणि जगभरच्या विद्यापीठांत अभ्यासला गेला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, ते प्राध्यापक होते. नाव, प्रयोगशाळा, कीर्ती सर्व होते. तरी ऐन चाळिशीत त्यांना प्रश्न पडला की, आपले विज्ञान या देशातल्या बहुसंख्य लोकांच्या कोणत्या कामाचे? विज्ञान संस्थेच्या कुंपणाबाहेर बाई डोक्यावर मोळी घेऊन चालली आहे, तिच्यासाठी आत काय शिजते आहे?

या प्रश्नातून 1974 साली संस्थेत एक विभाग उभा राहिला. ग्रामीण भागासाठी विज्ञान-तंत्रज्ञान, या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून त्याचे नाव 'अस्त्र' ठेवले गेले. 1975 साली रेड्डींचा एक लेख आला. त्यात त्यांनी एक हिशेब मांडला होता. वर्षाला 2 लाख 30 हजार टन नत्र देणारा कोळशावरचा एक मोठा खतकारखाना आणि तेवढेच नत्र देणारी 26,150 गोबर गॅस संयंत्रे यांची ती तुलना होती. भांडवल दोन्हीकडे जवळपास सारखेच लागत होते. पण कारखान्यात 1,000 लोकांना काम मिळणार होते आणि संयंत्रांवर 1 लाख 30 हजारांहून अधिक लोकांना. कारखाना ऊर्जा खाणार होता, संयंत्रे ऊर्जा देणार होती. कागदावरचा हा हिशेब वाचून अनेकांना तंत्रज्ञानाची निवड हा राजकीय प्रश्न आहे, हे प्रथमच समजले. यंत्र निवडताना आपण कुणाला काम द्यायचे आणि कुणाला रिकामे ठेवायचे हेही निवडत असतो.

कागदावरचा हिशेब मात्र अर्धाच असतो, हे रेड्डींना पुढे पुरा गावाने शिकवले.

तुमकूर जिल्ह्यातल्या कुणिगल तालुक्यात उंग्रा या गावी 'अस्त्र'चे केंद्र उघडले. प्राध्यापक आणि विद्यार्थी खेड्यात जाऊन मोजमाप करू लागले. कुणाच्या घरी किती सरपण जळते, ते कोण आणते, किती वेळ लागतो, बैल किती तास राबतो, माणूस किती, हे सगळे वजनकाटा आणि घड्याळ घेऊन नोंदले गेले. जवळच्या पुरा या छोट्या गावात तेव्हा 56 घरे आणि 357 माणसे होती. गावाच्या एकूण ऊर्जेतला सिंहाचा वाटा सरपणाचा निघाला आणि विजेचा वाटा अगदी नगण्य. सर्वांत जास्त ऊर्जा जात होती ती स्वयंपाकात. बायका आणि मुले सरपणासाठी रोज पायपीट करीत होती. देशाच्या ऊर्जेची चर्चा तेव्हा खनिज तेल आणि कोळशाभोवती फिरत होती. पुरा गावच्या वहीत मात्र देशाचे खरे इंधन लिहिले होते, ते म्हणजे लाकूड आणि बाईचे श्रम.

इथल्या प्रयोगांतून काही चांगल्या गोष्टी हाती आल्या. ग्रामोद्योग आयोगाच्या संयंत्राचा खड्डा खोल असे. 'अस्त्र'च्या मंडळींनी मोजून दाखवले की एवढ्या खोलीची गरज नाही. उथळ आणि रुंद खड्डा केला तर खर्च सुमारे 40 टक्क्यांनी उतरतो आणि वायूही कमी पडत नाही. त्यांनी एक चूलही तयार केली. कन्नडमध्ये चुलीला 'ओले' म्हणतात, म्हणून ती 'अस्त्र ओले'. एक चूल, तिला दोन वैल आणि धूर बाहेर नेणारे धुराडे. जी आच आपल्या साध्या चुलीतून वाया जाते ती पुढच्या दोन भांड्यांखालून फिरवून वापरायची. सिमेंट थोडे आणि माती जास्त घालून, दाबून केलेल्या न भाजलेल्या विटांवरही तिथे मोठे काम झाले. भट्टीचे सरपण वाचवणाऱ्या या विटांची घरे आज बंगळूर परिसरात सर्रास दिसतात.

पण खरी कसोटी लागली ती गावाच्या सामुदायिक गोबर गॅसची. ज्याच्याकडे चार-पाच गुरे आहेत त्याचे खासगी संयंत्र चालते, परंतु भूमिहीनाचे काय? यावर उपाय म्हणून सगळ्या गावाचे शेण एकत्र करायचे आणि सगळ्या गावाला स्वयंपाकाचा गॅस द्यायचा, असा बेत झाला. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला तो अमलात आला आणि फसला. सर्व घरांच्या स्वयंपाकाला पुरेल इतका गॅस निघाला नाही. अर्ध्या स्वयंपाकाला गॅस आणि अर्ध्याला लाकूड, असे झाले की बाईला चूल काही सुटत नाही. सरपण गावाला पैसे मोजून आणावे लागत नव्हते, त्यामुळे गॅससाठी झटायची निकडही कुणाला वाटेना. शास्त्रज्ञांनी सोडवलेला प्रश्न आणि गावाचा प्रश्न वेगवेगळे होते. गावाला सर्वांत आधी हवे होते ते प्यायचे स्वच्छ पाणी.

रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मोठेपणा असा की, त्यांनी गावाला दोष दिला नाही. बेत बदलला. 1987 साली त्याच वायूवर, थोडे डिझेल मिसळून, इंजिन चालवून वीज करायला सुरुवात झाली. विजेने विंधणविहिरीतून पाणी काढून नळाला सोडले गेले आणि घराघरांत नळीचे दिवे लागले. शेण आणून देणाऱ्या बायका-मुलांना किलोमागे 2 पैसे मिळत आणि निथळलेले खत ज्याच्या त्याच्या हिश्शाप्रमाणे परत जाई. गावातलीच तरुण मुले यंत्र चालवीत, गावचीच सभा हिशेब पाही. पुरा गावचा दिवा पाहायला लांबून माणसे येऊ लागली.

इथे रेड्डींनी एक सूक्ष्म निरीक्षण नोंदवले. 1968 साली गॅरेट हार्डिन या अमेरिकी अभ्यासकाने म्हटले होते की, सामायिक गोष्टीचा शेवट नाशातच होतो, कारण प्रत्येक जण आपल्यापुरते ओरबाडतो. पुरा गावात उलटे घडत होते. शेण दिले नाही तर नळ आणि दिवा दोन्ही बंद पडत. सामायिक गोष्ट मोडण्यात जेवढा फायदा, त्याहून किती तरी मोठा तोटा ती मोडणाऱ्यालाच होत होता. म्हणून लोक ती सांभाळत होते. रेड्डींनी याला सामायिकतेचे वरदान म्हटले. मशिदीच्या हौदाचे किंवा गावच्या आडाचे पाणी ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखले, त्यांना हे सांगायला इंग्रजी ग्रंथ लागत नाही. पण विद्यापीठांत ते सिद्ध करून मांडावे लागते.

आणि मांडायचे कुठे? विज्ञानाच्या दुनियेत नियतकालिकाशिवाय तुमच्या कामाला अस्तित्व नसते. निबंध पाठवायचा, संपादकाने तो त्या विषयाच्या दोन-तीन जाणकारांकडे नाव न सांगता तपासायला द्यायचा, त्यांनी काढलेल्या चुका दुरुस्त करायच्या, मग तो छापला जायचा. व्यवस्था चांगली आहे, पण तिची किल्ली फार काळ युरोप-अमेरिकेच्या हाती होती. तिथल्या तपासनिसाला अणुभट्टी हा विषय वाटतो, चूल हा वाटेलच असे नाही. कर्नाटकातल्या खेड्यातल्या शेणाच्या राबडीचे तापमान हे त्याच्या लेखी विज्ञान नसते.

रेड्डी एव्हाना जगात ओळखले जात होते. ब्राझीलचे गोल्डेम्बर्ग, स्वीडनचे योहान्सन आणि अमेरिकेचे विल्यम्स यांच्यासह लिहिलेला त्यांचा 'एनर्जी फॉर अ सस्टेनेबल वर्ल्ड' हा ग्रंथ 1988 साली आला. गरीब देशांतल्या माणसाच्या मूलभूत गरजा आणि त्याहून बरेच काही, माणशी सुमारे एक किलोवॉट ऊर्जेत भागू शकते, अट एवढीच की ती काटकसरीच्या यंत्रांनी वापरली पाहिजे, असे या चौघांचे म्हणणे होते. किती ऊर्जा निर्माण केली यापेक्षा तिच्यातून माणसाला काय मिळाले ते मोजा, असा तो आग्रह होता. या कामासाठी चौघांना 2000 साली व्होल्व्हो पर्यावरण पुरस्कार मिळाला.

1991 साली रेड्डी संस्थेतून निवृत्त झाले आणि त्यांनी 'इंटरनॅशनल एनर्जी इनिशिएटिव्ह' ही संस्था उभी केली. गरीब देशांच्या पुढाकाराने चालणारी आंतरराष्ट्रीय संस्था, ही तिची ओळख. 1994 साली या संस्थेने 'एनर्जी फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट' हे नियतकालिक सुरू केले. चूल, गोबर गॅस, लाकडापासून वायू, खेड्यातली वीज, गरिबाच्या घरातला दिवा हे ज्याचे मुख्य विषय आहेत असे आंतरराष्ट्रीय शोधपत्र आता बंगळूरशी नाते सांगत होते.

नियतकालिक चालवणे म्हणजे काय, हे या वार्षिकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. लेख वेळेवर येत नाहीत, आलेले दुरुस्त करावे लागतात, वर्गणी थकते, छापखान्याचे बिल मात्र थकत नाही. शोधपत्राला याहून एक जड जबाबदारी असते. त्यात छापलेला आकडा खोटा निघाला तर त्यावर भरवसा ठेवून कुणी तरी दुसरीकडे चूल बांधलेली असते. संपादकाच्या चुकीने एखाद्या बाईच्या डोळ्यांत धूर जाऊ शकतो. तिसऱ्या जगातल्या अभ्यासकाचे इंग्रजी कच्चे असले तरी त्याचे निरीक्षण कच्चे नसते. ते निरीक्षण भाषेच्या पडद्याआडून बाहेर काढणे हेही अशा संपादकाचे काम असते.

आता या इतिहासातले मला सर्वांत मोलाचे वाटणारे पान. पुरा गावचा दिवा 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात विझला. सुमारे दहा वर्षे चाललेला, जगात नावाजलेला प्रकल्प बंद पडला. असे झाले की सामान्यतः काय होते? अहवाल कपाटात जातात, फोटो भिंतीवर राहतात आणि भाषणांतून प्रकल्प चालूच असतो. आपल्याकडे गावोगावी गंजलेली गोबर गॅसची पिंपे पडलेली आहेत. त्यांतल्या कितींच्या बंद पडण्याची कारणे कुणी लिहून ठेवली? 1980च्या दशकात सुरू झालेली सरकारी सुधारित चुलींची मोहीम 2002 साली गुंडाळली गेली. तोवर सुमारे साडेतीन कोटी चुली वाटल्या गेल्याचे आकडे होते. त्यांतल्या किती पेटत राहिल्या, हा प्रश्न विचारणारे थोडे.

रेड्डींनी तसे केले नाही. 2004 साली, आपणच जन्माला घातलेल्या त्या नियतकालिकात, त्यांनी पुरा प्रकल्पापासून घ्यायच्या धड्यांवर लेख लिहिला. यश कसे आले हे तर सांगितलेच, पण जे टिकले नाही त्याचीही कबुली छापून ठेवली. तेव्हा त्यांचे वय 73 होते. पुरस्कार मिळून झाले होते, कुणी जाब विचारत नव्हते. तरी पुढच्याने त्याच खड्ड्यात पडू नये म्हणून त्यांनी खड्ड्याची जागा दाखवून ठेवली. 7 मे 2006 रोजी ते वारले. इतक्या ग्रंथांनंतर त्यांचा हा छोटा लेख मला अधिक जवळचा वाटतो. दिवा लावणारे अनेक असतात. तो का विझला हे स्वतःच्या सहीने लिहून ठेवणारा विरळा.

अशा नोंदींचा उपयोग कसा होतो? अमेरिकी संशोधक कर्क स्मिथ यांनी भारतीय सहकाऱ्यांसह 1980च्या दशकाच्या आरंभी गुजरातमधल्या खेड्यांत चुलीपुढच्या बायकांच्या श्वासातला धूर प्रत्यक्ष मोजला. तोवर धूर म्हणजे शहराचा आणि गिरणीचा, असा समज होता. ती रीत पुढे वाढत गेली आणि 2007 साली 'एनर्जी फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट'मध्येच पुण्याजवळच्या खेड्यांतला अभ्यास छापून आला. पुण्याच्या 'आरती' या संस्थेच्या 'लक्ष्मी' आणि 'भाग्यलक्ष्मी' चुली घरात बसवण्याआधी आणि बसवल्यानंतर स्वयंपाकघरातली हवा त्यात मोजली होती. माझ्या अम्मीसारख्याच मराठी मुलखातल्या बायकांचा धूर शास्त्राच्या वहीत नोंदला गेला. 2016 साली उज्ज्वला योजना आली, कोट्यवधी घरांत गॅसची शेगडी पोहोचली. तिच्यामागे धुराने माणूस मरतो हे सिद्ध करणाऱ्या अशा अनेक निबंधांचे बळ होते. सिलिंडर भरायला पैसे नसले की चूल पुन्हा पेटते, हेही अशाच अभ्यासांतून पुढे आले.

'अस्त्र' आज नाव बदलून, शाश्वत तंत्रज्ञानाचे केंद्र म्हणून विज्ञान संस्थेत काम करते. नियतकालिकही चालू आहे, मात्र आता ते एल्सविअर या मोठ्या परदेशी प्रकाशनगृहातर्फे निघते. त्यामुळे ते अधिक दूरवर गेले हे खरे. पण त्यातले बरेच लेख वर्गणी भरल्याशिवाय वाचता येत नाहीत, हेही खरे. ज्या गावांची मोजमापे घेऊन हे ज्ञान तयार झाले त्या गावांना ते विकत घेणे परवडणार नाही, आणि परवडले तरी ते इंग्रजीत आहे. शेण गावाचे, घाम गावाचा, धूर बाईचा आणि निबंध मात्र तिच्या आवाक्याबाहेर. कुमारप्पांच्या पत्रिकेपासून निघालेली वाट इथे येऊन अडली आहे.

मराठीला विज्ञानाच्या नियतकालिकांचे वावडे नाही. पुण्याचे 'सृष्टिज्ञान' 1928 पासूनचे आहे. आपली मुले-मुली आज मोठ्या संख्येने अभियांत्रिकी महाविद्यालयांत जात आहेत. शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला एक प्रकल्प करावा लागतो आणि बहुतेक वेळा तो बाजारातून विकत आणला जातो. त्याऐवजी एखाद्या मुलीने आपल्याच मोहल्ल्यातल्या बेकरीची भट्टी किती लाकूड खाते, मशिदीच्या वजूखान्यातून रोज किती पाणी वाहून जाते, आजीच्या चुलीतून किती धूर निघतो, हे मोजले तर? उपाय सापडला तर लिहावा. नाही सापडला तर का नाही, तेही लिहावे, आणि मराठीत लिहावे. पुरा गावाची वही अशीच सुरू झाली होती, एक वजनकाटा आणि एक घड्याळ घेऊन.

अम्मी आता नाही. शेवटची काही वर्षे तिच्या घरी गॅस होता, तरी तिचा खोकला शेवटपर्यंत गेला नाही. तो मोजणारे कुणी आमच्या घरी कधी आले नव्हते.